मी नाही त्यातला

सिंगापूरला राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडे मान असतो, दुबईवाल्याला भाव असतो, आणि अमेरिकेतल्याचा निदान हेवा तरी करतात. मी बँकॉकला राहतो, आणि मला बघून लोक हसतात. लग्नकार्यात कुणी "सध्या कुठे असतोस?" म्हणून विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं, की समोरच्याचा एक डोळा बारीक होतो, आवाज खाली येतो आणि माझ्या पाठीवर थाप पडते. "मजा आहे बुवा!" बायको शेजारी असली तर थाप पडत नाही, तिच्याकडे कणव आल्यासारखं पाहिलं जातं. थाप परवडली.

नातेवाइकांनी यावर आपापले तोडगे काढलेत. वडील "थायलंडात असतो" एवढंच सांगतात, शहराचं नाव घेत नाहीत. सांगलीच्या आत्या त्याहून हुशार. त्या माझी ओळख "सिंगापूरच्या बाजूला असतो" अशी करून देतात. ही बाजू सुमारे १,४०० किलोमीटर लांब आहे, पण अब्रूच्या प्रश्नात भूगोलाला कोण विचारतो!

आता, ज्यासाठी डोळे बारीक होतात ते इथे नाहीच, असं मी म्हणणार नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक सुट्टी घालवायला इथे यायचे, तेव्हा तो धंदा फोफावला आणि मग राहिला. पण ती चार गल्ल्यांची गोष्ट आहे, आणि महानगर धरलं तर या शहरात कोटीच्या वर माणसं राहतात. बाकीची माणसं मुलांच्या फिया भरतात, पाणी तुंबलं की चपला हातात घेतात आणि लोकलमध्ये झोपतात. त्या गल्ल्यांपैकी एकीच्या तोंडाशी जे रेल्वे स्टेशन आहे त्याचं नाव 'नाना'. माझा ऑफिसचा रस्ता तिथूनच जातो. "आत्ता नानाला पोचलो" हे वाक्य मी घरच्या फोनवर उच्चारत नाही, कारण सांगलीच्या घरातही एक नाना आहेत आणि ते स्पीकरवर ऐकत असतात.

माझी मजा सकाळी सव्वासातला सुरू होते. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकिटं घातलेले मोटारसायकलवाले बसलेले असतात. त्यातल्या एकाच्या मागे डबा मांडीवर धरून बसायचं आणि कालव्याच्या धक्क्यावर उतरायचं. सेनसेप नावाचा हा कालवा शहराच्या पोटातून जातो आणि त्यात प्रवासी होड्या चालतात. पाणी काळं, त्याचा वास त्याहून काळा. होडी धक्क्याला पुरती टेकत नाही, टेकल्यासारखं करते, आणि तेवढ्यात दहा माणसं उतरून पंधरा चढतात. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे असतात. समोरून दुसरी होडी आली, की कडेला बसलेल्याने दोरी ओढून पडदा वर घ्यायचा, नाहीतर त्याच्यासकट सगळ्या बाकाचं तीर्थस्नान होतं. हे काम कुणी कुणाला सांगत नाही. कडेला बसलास, दोरी तुझी. कंडक्टर होडीच्या बाहेरच्या काठावरून, एका हाताने दोर धरून, चालत्या होडीत पैसे गोळा करत फिरतो. डोक्यावर हेल्मेट असतं, कारण पूल फार खाली आहेत. काही पुलांखाली तर होडीचं छपरच खाली करावं लागतं. त्या वेळी सगळे मान खाली घालून बसतात, आणि माझं नाक पुढच्या माणसाच्या पाठीपासून चार बोटांवर असतं. बँकॉकमध्ये परक्या देहाशी माझा याहून निकट संबंध आलेला नाही.

आठ वाजता स्टेशनावर राष्ट्रगीत लागतं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, रोज, आणि त्या वेळी जो जिथे असेल तिथे उभा राहतो. जिन्याच्या पायरीवर एक पाय वर, एक खाली असे लोक स्तब्ध. मीही, हातात डबा. डब्यात मेथीची भाजी. संध्याकाळी परत तोच कालवा, मग जेवण, मग मुलीची त्रिकोणमिती. ज्या वेळी माझे मित्र सांगलीत माझ्या नशिबाबद्दल बोलत असतात, बरोबर त्या वेळी मी बँकॉकमध्ये साइन थीटा भागिले कॉस थीटा करत असतो. शनिवारी पाहुरातला जायचं. तिथे गुरुद्वारा आहे, शिखांची कापडाची दुकानं आहेत आणि कढीपत्त्याच्या जुड्या मिळतात. जुडी घेताना वास घेऊन बघायचा, हा आठवड्यातला सगळ्यात उत्तेजक क्षण.

शिवाय माझ्यावर पोलिसांची नजर असते. थट्टा नाही. इथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी "मी अजून त्याच पत्त्यावर राहतो" असं सरकारला कळवायचं असतं. हे खातं पोलिसांच्या अखत्यारीत येतं, आणि उशीर झाला तर २,००० बाट दंड. मध्येच देशाबाहेर जाऊन आलं तर दिवसांची मोजणी पहिल्यापासून. बाहेर जाताना परतीची परवानगी काढली नसेल, तर व्हिसाच बाद. म्हणजे आत्याच्या नातवाच्या मुंजीला यायचं तर आधी एका खिडकीवर पैसे भरून "मी परत येणार आहे" असं लिहून द्यायचं. तडीपार गुंडाला याहून मोकळीक असते. एवढी हजेरी लावणारा माणूस कोणत्या वेळात बिघडणार?

पाहुण्यांचं सांगायचं राहिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना थायलंडचा व्हिसा माफ झाला आणि आमच्या बैठकीच्या खोलीतला सोफा पलंग झाला. पाहुणे दोन जातींचे. पहिले वडीलधारे. त्यांना घेऊन फिरणं सोपं, कारण हे शहर देवाधर्माला कमी नाही. एरवानच्या चौकात चकचकीत मॉलच्या गर्दीत चतुर्मुख ब्रह्मदेव बसलेत. आपल्याकडे ब्रह्मदेवाच्या दर्शनाला पुष्कर गाठावं लागतं. इथे नवस फेडणारे रांगेत असतात आणि पैसे देऊन देवापुढे नाच करवतात. काकू गहिवरल्या. राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवती ओवरीच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलंय, तेही त्यांनी डोळे भरून पाहिलं. फक्त एका ठिकाणी मी त्यांना जरा घाईने पुढे नेलं. आपल्या मारुतीरायाला मकरध्वज झाला तो घामाच्या थेंबातून, ब्रह्मचर्याला धक्का न लागता. थाई रामायणात मात्र हनुमान रावणाच्या मत्स्यकन्येच्या, सुवर्णमत्स्येच्या प्रेमात पडतो, आणि पुढे रीतसर मुलगा होतो. बँकॉकला आल्यावर प्रत्यक्ष मारुतीचीही ही कथा, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

दुसरी जात मित्रांची. काही वर्षांपूर्वी शाळेतल्या मित्रांची टोळी तीन रात्रींसाठी आली. तिकिटं स्वस्त म्हणून जुलै गाठलेला. घरी 'कंपनीची कॉन्फरन्स' सांगून आलेले, त्यांतल्या एकाचं तर किराणा दुकान होतं. विमानतळावरूनच त्यांचे डोळे बारीक झालेले. पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी आसाळ्हा पूजा होती. ही आषाढी पौर्णिमा, बुद्धाने सारनाथला पहिला उपदेश केला तो दिवस. आपली गुरुपौर्णिमा. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचा वर्षावास लागतो, म्हणजे आपल्या चातुर्मासासारखाच. आणि त्या काळी या दोन्ही दिवशी दारूविक्रीला सरसकट बंदी. बारना कुलपं, दुकानांतल्या फ्रीजवर पडदे. त्या प्रसिद्ध गल्लीत आम्ही गेलो तेव्हा एक मांजर आणि एक नारळपाणीवाला होता. मित्रांनी नारळपाणी घेतलं.

संध्याकाळी काय करायचं म्हणून मी त्यांना जवळच्या विहारात नेलं. प्रत्येकाच्या हातात कमळाची कळी, तीन उदबत्त्या, पेटवलेली मेणबत्ती. अनवाणी, हात जोडून, गर्दीबरोबर तीन प्रदक्षिणा. किराणावाल्याच्या अंगठ्यावर मेण सांडलं तरी तो बोलला नाही. दुसऱ्या फेरीनंतर कुणीच बोलत नव्हतं. फोटो मात्र काढले, आणि पुराव्यासाठी लगेच घरी पाठवले.

तिथेच घोळ झाला. घरच्यांना आधी कळलं, की कॉन्फरन्स नव्हती. मग कळलं, की बँकॉक आहे. बँकॉकला गेलेले पाच पुरुष हातात कमळ घेऊन भक्तिभावाने फोटो पाठवतात, याचा जो एकच अर्थ निघू शकतो तो पाचही घरांत एकाच वेळी निघाला. चूक कोणाची, तर माझी ठरली. तिथे राहणारा तोच ना, त्यानेच फोटोची शक्कल सुचवली असणार. किराणावाल्याची बायको आजही माझ्या बायकोशी फोनवर फार मृदू बोलते.

अलीकडे त्या बंदीचे नियम बरेच सैल झालेत. तरीही तुम्ही येणार असाल तर तिकीट काढण्याआधी कॅलेंडरवर पौर्णिमा बघा. घरी खरं सांगून या, कारण खोटं सांगून इथे केलेलं पुण्यसुद्धा कुणी मान्य करत नाही. कढीपत्ता आणू नका, इथे मिळतो. ज्वारीचं पीठ आणा, दोन किलो पुरे. सोफा ओढला की पलंग होतो, आणि सव्वासातला मी निघतो.