बत्तीसशेची रॅम

राजारामपुरीतून 3200 ची रॅम आणली. पाकिटावर वेगाचा आकडा एवढा ठळक, की चष्म्याशिवाय वाचता यावा. बसवली, तर टास्क मॅनेजर म्हणतो 2400. भाच्यानं सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर उघडलं, तिथं 1200. दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तिन्ही बरोबर हाईत की."

भांडायच्या तयारीनं फोन करावा आणि समोरचा चुकलेलाच निघू नये, ही कोल्हापुरात मोठीच गैरसोय आहे.

चौकशी केली. खरंच कुणी खोटं बोलत नाही. रॅमचं घड्याळ चालतं 1200 मेगाहर्ट्झवर, पण डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला चढताना एकदा आणि उतरताना एकदा माल देते, झाले 2400. गंगावेशीत म्हशीची धार काढणारा दोन्ही हातांनी पिळतो, म्हणून कुणी म्हशी दोन मोजत नाही. इथं मोजतात. आतल्या पेशी तर 300 वरच रेंगाळतात आणि दर खेपेला प्रत्येक तारेमागे आठ बिट उपसून ठेवतात. हा 300 चा आकडा पाकिटावर छापायचं मात्र कुणाला सुचलेलं नाही.

प्रोसेसरची तऱ्हा निराळी. त्याचे 3.6 गिगाहर्ट्झ म्हणजे बोर्डावरचं 100 मेगाहर्ट्झचं घड्याळ गुणिले 36. हा गुणाकार जुना आहे. 1992 च्या इंटेल 486 डीएक्स2 मध्ये बाहेर 33 आणि आत 66 मेगाहर्ट्झ असायचे. तेव्हापासून आतला पळतोय आणि बाहेरचा येतोय.

येतोय किती वेगानं, ते रॅमच्या बाबतीत ऐका. जुन्या डीडीआर 400 ची उत्तम पट्टी मागणीनंतर दोन ठोक्यांत पहिला माल द्यायची, म्हणजे 10 नॅनोसेकंदांत. डीडीआर4 ची 3200 सोळा ठोके घेते: 10 नॅनोसेकंद. डीडीआर5 ची 6000 तीस ठोके घेते: 10 नॅनोसेकंद. धार एकदा लागली की जोरात लागते, हे मान्य. पण पहिला थेंब त्याच मुहूर्तावर. तेवढ्यात प्रोसेसरचे 36 ठोके फुकट जातात, आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तर त्याच्या कितीतरी पट. ही लाज झाकायला त्याच्या पोटात कॅश मेमरी ठेवलेली असते.

राहिला 3200 आणि 2400 मधल्या माझ्या 800 चा हिशेब. ते बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ही छापील वेगाची सेटिंग चालू केल्याशिवाय मिळत नाहीत. पैसे पूर्ण घेतात, रॅम मात्र सावध, सरकारी चालीनं सुरू होते. एक्सएमपी चालू करायला गेलो, तर प्रोसेसरवाल्यांचं बारीक अक्षर आडवं आलं: हे ओव्हरक्लॉकिंग आहे, वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. म्हणजे पाकिटावर छापलेला वेग वापरणं हा आगाऊपणा.

दुकानदाराला पुन्हा फोन केला. म्हणाला, "करा की चालू. काय झालंच तर रॅमला लाइफटाइम वॉरंटी हाय."

प्रोसेसरचं विचारलं, तर म्हणाला, गिऱ्हाईक आलंय.