सरपोतदारांची बाजू

आपण धनंजय माने आहोत, अशी तमाम मराठी पुरुषांची समजूत आहे. 'अशी ही बनवाबनवी' 1988 साली आला, तेव्हापासून ती बापाकडून मुलाकडे चालत आलेली आहे. शंतनू व्हायला रूप लागतं, सुधीर व्हायला बारीक आवाज काढता यावा लागतो, परशा व्हायला नऊवारीची तयारी लागते. धनंजय माने व्हायला काहीच लागत नाही. डोक्यात एक आयडिया आणि चेहऱ्यावर साळसूद भाव असला, की झालं.

मीही स्वतःला धनंजयच समजत होतो. ऑफिसात उशिरा पोचल्यावर साहेबांना सांगितलेल्या कारणांत मला अशोक सराफांचं टायमिंग स्वच्छ ऐकू यायचं. साहेबांना यायचं नाही. ते अर्धी रजा मांडायचे.

पात्रांबद्दलची माझी मतं ठाम आहेत आणि ती मी कुणी न विचारता देतो. उदाहरणार्थ, मराठी सिनेमातला सर्वांत कष्टाळू माणूस म्हणजे तात्या विंचू. गोळी लागली, देह गेला, रामदास पाध्यांनी घडवलेल्या एवढ्याशा बाहुल्यात मुक्काम हलवावा लागला, तरी गडी खचला नाही. त्याच्या निम्म्या चिकाटीनं मी पीएफच्या मागे लागलो असतो, तर आज गॅलरीला काचा असत्या. उलट त्याच्या मागावरचा इन्स्पेक्टर महेश जाधव मला कधीच पटला नाही. 'डॅम इट' म्हणून गुन्हे उघडकीला येत असते, तर आमच्या सोसायटीचा वॉचमनही कमिशनर झाला असता.

दूरदर्शनवरचे चिमणराव मला आवडायचे. पुढे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा आवडले, मग 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. माझी आवड किती चौफेर आहे, हे मी पाहुण्यांना सांगत असताना बायकोनं चहा ठेवता ठेवता खुलासा केला, की हे सगळे दिलीप प्रभावळकरच आहेत, आणि तुमचा तो तात्या विंचूसुद्धा. म्हणजे चौफेर प्रभावळकर आहेत. मी एकाच जागी बसून आहे.

तिचा दुसरा खुलासा जास्त लागला. टीव्हीवर 'बनवाबनवी' चालू होता (तो कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर चालूच असतो) आणि मी धनंजयच्या वाक्यांच्या अर्धा सेकंद आधी त्याची वाक्यं म्हणत होतो. ती म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला माने? तुम्ही सरपोतदार. रात्री दहानंतर वर खुर्ची सरकली तरी छताकडे बघता." मुलगी एवढी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

राग आला, पण त्या रागात मी घरमालक सरपोतदारांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि हा माणूस अन्यायाचा बळी आहे, असं माझ्या लक्षात आलं. त्यांचे सत्तर रुपये घ्या. मधुमेहावरच्या इस्राईलच्या औषधासाठी एका आजारी माणसानं विश्वासानं दिलेले पैसे. औषध नाही, पैसे नाहीत, वर मित्राच्या मरणाची बातमी आणि आपली रक्कमही त्याच्याबरोबरच गेल्याची. यावर अख्खा महाराष्ट्र छत्तीस वर्षांहून अधिक काळ हसतो आहे. दहा टक्के चक्रवाढ व्याजानं ते सत्तर रुपये छत्तीस वर्षांत दोन हजारांच्या वर जातात. मी कॅल्क्युलेटरवर काढून पाहिलं आहे. आणि हे पैसे बुडवणारा नट कोण? एके काळी स्टेट बँकेत नोकरी केलेला! बँकवाल्यानं असं करावं?

बरं, बिचाऱ्यांनी भाडं तरी काय मिळवलं असेल? त्या काळी 1947 चा भाडेनियंत्रण कायदा होता. प्रमाणभाडं ठरवताना पाहायचं काय, तर 1 सप्टेंबर 1940 ला त्या जागेचं भाडं किती होतं ते. जग कुठल्या कुठे गेलं, पेट्रोल वाढलं, रॉकेल वाढलं, घरमालकाचा मात्र 1940 चा सप्टेंबर संपेना. पुण्यातल्या कितीतरी वाड्यांत मालक पावती फाडायचा, त्या कागदाला भाड्याहून जास्त किंमत असावी. कौलं बदलायची कशातून? सुप्रीम कोर्टानं 1997 साली भाडं असं गोठवून ठेवणं योग्य नाही म्हटलं, नवा कायदा 2000 साली लागू झाला. तोवर आमचे सरपोतदार एका भाडेकरूला खोली देऊन रात्री वाढीव लोकसंख्येचा धिंगाणा ऐकत होते. यात त्यांनी आवाज चढवला, तर त्यांना खाष्ट म्हणायचं? सुधीर जोशी त्या दारात नुसते उभे राहतात, तेव्हा त्यांच्या गालांवर ही सगळी थकबाकी दिसते. आवाज चढवण्याआधी ते क्षणभर थांबतात ना, तिथे माझा जीव त्यांच्यात अडकतो. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी तेच म्हणत होते."

सरपोतदारांची वकिली करता करता एक गोष्ट मात्र मला सलायला लागली. चौघांची पुढची घरमालकीण, लीलाबाई काळभोर. सत्तर रुपयांचं मी एवढं दुःख केलं, आणि या बाईंना तर पूर्ण संसार दाखवून फसवलं आहे. पार्वतीला, म्हणजे परशाला, दिवस गेल्याचं कळल्यावर नयनतारांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, तो त्या सिनेमात कुणीच खोटा केलेला नाही. त्या डोहाळजेवण मांडतात. आपण लक्ष्मीकांत बेर्ड्यांकडे बघत हसतो. अलीकडे मला त्या डोहाळजेवणाच्या गाण्यात बाईंकडेच बघावंसं वाटतं, आणि बघवतही नाही. मोठा बंगला, नोकरमाणसं, आणि घरात मूल येणार म्हणून ओट्या भरणारी एकटी बाई. आमच्याच गल्लीत अशा दोघी-तिघी आहेत. त्यांची मुलं रविवारी व्हिडिओ कॉलवर असतात. वसंत सबनिसांनी हे लिहिताना हसू कुठेही थांबू दिलं नाही, हे त्यांचं कसब. पण मला आता तिथे घास अडकतो.

बायको म्हणते, वय झालं.

असेलही. पण वय त्या गोष्टीचंही झालंय. 'बनवाबनवी'चा मूळ सिनेमा, हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान', 1966 चा. म्हणजे तेव्हाही एकट्या पोरांना घर मिळत नव्हतं, 1988 लाही नाही, आणि आमच्या सोसायटीत फ्लॅट 'फक्त कुटुंबालाच' द्यावा, या ठरावाला अनुमोदन कुणाचं आहे, ते इतिवृत्तात वाचायला मिळतं. नाव माझंच आहे. मी धनंजयसाठी टाळ्या वाजवल्या, तो सरपोतदारांकडे राहत होता म्हणून. माझ्या डोक्यावर राहायला आला असता तर गोष्ट वेगळी.

तरी तिसऱ्या मजल्यावर दोन पोरं आलीच. सख्खे भाऊ आहेत, म्हणजे कुटुंबच, असं त्यांनी अध्यक्षांना पटवलं. आडनावं वेगळी आहेत. मी छताकडे बघतो. पण पोरं गोड आहेत. माझ्या साखरेचा रिपोर्ट त्यांना लिफ्टमध्येच कळला, कारण मी तो सगळ्यांना सांगतो. परवा त्यातला मोठा म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात कंपनी जर्मनीला पाठवतेय. तुमच्यासाठी काही औषध वगैरे आणू?"

"आण की," मी म्हटलं. "पैसे आल्यावर देतो."