चालू मशीनचं दुःख

बुटीबोरीत माणसाच्या दोनच जाती. एक प्रॉडक्शनवाले, दुसरे मेंटेनन्सवाले. बाकीचे एचआर, अकाउंट्स, स्टोअर्स वगैरे कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा अडवण्यापुरते. नागपूरहून वर्धा रोडने तीसेक किलोमीटर आलं, की एक रस्ता वर्ध्याला जातो आणि दुसरा हिंगणघाटवरून हैदराबादची वाट धरतो. त्या फाट्यावर आमची एमआयडीसी पसरली आहे. तिथल्या कुठल्याही कंपनीत जा, जाती याच.

प्रॉडक्शनवाल्याला मशीन चालू लागतं. मेंटेनन्सवाल्याला ते बंद पडलेलं आवडतं. हे तो उघड बोलत नाही, कारण पगार मशीन चालू ठेवण्याचा असतो. पण मशीन चालू असलं की त्याला विचारतो कोण? टपरीवर चहा पिताना दिसला तरी मॅनेजर घड्याळ पाहतो. तेच मशीन रात्री अडीचला थांबू द्या. तोच मॅनेजर स्वतः फोन करतो, 'भाऊ' म्हणतो, आणि आपण पाना फिरवत असताना शेजारी टॉर्च धरून उभा राहतो. मेंटेनन्सवाल्याच्या आयुष्यातले सन्मानाचे क्षण असे सगळे ब्रेकडाउनमधले असतात.

मी मेंटेनन्सवाला आहे, आणि घरी गेल्यावर लिनक्सवर गेम खेळतो. या दोन गोष्टींचा संबंध ज्यांच्या लक्षात आला, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

विंडोजवर गेम खेळणारा माणूस प्रॉडक्शनचा. तो येतो, बटण दाबतो, दोन तास गोळ्या झाडतो आणि जेवायला बसतो. आउटपुट भरपूर, ज्ञान शून्य. लिनक्सवर गेम खेळणाऱ्याचे ते दोन तास गोळीचा आवाज का येत नाही, हे शोधण्यात जातात. शेवटी एकदाची ती गोळी वाजते. तो समाधानाने कॉम्प्युटर बंद करतो आणि झोपतो. गोळी कोणाला लागली, ही चौकशी त्याच्या खात्यात येत नाही.

लिनक्स फुकट आहे, हे त्याचं सुरुवातीपासूनचं भांडवल. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते हौसेखातर लिहायला घेतलं आणि जगाला वाटून टाकलं. युरोप-अमेरिकेत लोकांना याचं फार अप्रूप. आमच्याकडे ही जाहिरात चालली नाही, कारण आमच्याकडे विंडोजसुद्धा फुकटच होतं. सीताबर्डीच्या गल्लीत कॉम्प्युटर जुळवून घेतला, की दुकानदार विंडोज टाकूनच द्यायचा. वर 'रोड रॅश', 'व्हाइस सिटी' आणि किशोरकुमारची गाणी प्रेमाने, न मागता. पुढे २००१ साली एमएस-सीआयटी आलं आणि अवघा महाराष्ट्र माउस धरायला शिकला. तोही विंडोजवरच. अशा मुलखात "हे घ्या, फुकट आहे" म्हणत लिनक्स घेऊन उभं राहायचं, म्हणजे रामटेकच्या जत्रेत हवा विकायला बसायचं.

तरी मी त्याच्या नादी लागलो, त्याला उबुंटू नावाचं लिनक्स वाटणारे कारण. २००५ पासून पुढची काही वर्षं ते पत्ता कळवणाऱ्याला जगात कुठेही सीडी घरपोच पाठवत. टपालखर्चही त्यांचाच. परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन पोस्टमन दारात आला, तेव्हा आईला वाटलं पोराला बाहेर नोकरी लागली. तिने देवापुढे साखर ठेवली. मी सीडी टाकली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण आवाज येईना. माझ्यातला मेंटेनन्सवाला त्या क्षणी जागा झाला, तो अजून झोपलेला नाही.

लिनक्सचे स्वतःचे म्हणावेत असे गेम तेव्हा थोडे. १९९८ साली लोकी नावाच्या अमेरिकन कंपनीने मोठे गेम लिनक्सवर आणायचा धंदा काढला, तो २००२ च्या सुरुवातीलाच गुंडाळला. उरला तो मुख्यतः पेंग्विन. लॅरी युइंगने १९९६ साली काढलेलं लिनक्सचं ते गुबगुबीत बोधचिन्ह लोकांनी गेममध्येही कामाला लावलं. 'टक्स रेसर'मध्ये हा पेंग्विन बर्फाच्या डोंगरावरून पोटावर घसरत मासे गोळा करतो. हा गेम मी खेळायचो मे महिन्यात. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरची टाकी कोरडी, लाइट येऊन-जाऊन. मी जिंकायला खेळत नव्हतो. नुसता बर्फाकडे पाहत बसायचो. नागपूरकराला त्या पेंग्विनबद्दल जे वाटतं त्याला मत्सर म्हणतात.

विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायचा खरा उद्योग म्हणजे वाइन. आमच्या एमआयडीसीतल्या मुकादमाला जो ओळखतो त्याला वाइन समजवावं लागत नाही. साहेब चेन्नईचे, कामगार बिहार-ओडिशाचे. साहेब इंग्रजीत जे बोलतात ते मुकादम आपल्या रीतीने खाली पोचवतो, आणि खालून जे उत्तर येतं त्यातलं साहेबांना झेपेल तेवढंच वर नेतो. वाइन तेच करतं. गेम विंडोजला उद्देशून हुकूम सोडतो, वाइन तो मधल्या मध्ये झेलतं आणि लिनक्सला कळेल असा करून पुढे देतं. गेमला वाटतं, आपण विंडोजवरच आहोत. लिनक्सला वाटतं, आपलंच कोणी काम मागतंय. हे काम १९९३ साली सुरू झालं आणि वाइनची १.० आवृत्ती आली २००८ च्या जूनमध्ये. पंधरा वर्षं! तेवढ्यात आपल्याकडे उड्डाणपूल बांधून त्याच्या दुरुस्तीचं टेंडरही निघतं.

वाइनवर कोणता गेम कसा चालतो याची एक यादी असायची. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि शेवटची श्रेणी गार्बेज, म्हणजे सरळ कचरा. इतकं प्रामाणिक क्वालिटी डिपार्टमेंट मी बुटीबोरीत पाहिलेलं नाही. प्रॉडक्शनवाला माणूस त्या यादीतून प्लॅटिनम निवडेल. मी कचऱ्यापासून सुरुवात करायचो. ते दिवस सुखाचे होते. गेम उघडायचा पण अक्षरं दिसायची नाहीत. अक्षरं दिसली तर नायकाचं डोकं गायब असायचं. डोकं आलं की आवाज जायचा. एखादी फाइल इथून उचलून तिथे ठेवावी, एक ओळ बदलावी, पुन्हा सुरू करावं, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग खालून वर सरकताना पाहावी. कंपनीतला एक प्रॉडक्शनचा मित्र एकदा घरी आला, तो पडदा पाहून दचकला.

"काऊन बे, घरी पण कंपनीचं काम करून राहिला का?"

मी म्हटलं, "हो." मला जो मान मिळाला तो गेमच्या कुठल्याही पातळीवर मिळाला नसता.

बायकोचं मत मात्र निराळं. "केव्हाची पाहून राहिली मी, तो माणूस तिथंच उभा आहे. तुम्ही खेळता कधी?"

"आधी त्याला सावली पडू दे."

"मग?"

"मग झोपतो."

सावलीच्या नादापुढचा आजार आकड्यांचा. त्यासाठी मँगोहड नावाचा एक प्रोग्रॅम मिळतो. गेम चालू असताना तो पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतो: सेकंदाला किती चित्रं, प्रोसेसर किती तापला, मेमरी किती लागली. समोर ड्रॅगन गाव जाळतोय आणि माझी नजर कोपऱ्यातल्या तापमानावर. गाव जळालं तरी हरकत नाही, ग्राफिक्स कार्ड नव्वदच्या खाली राहिलं पाहिजे. विदर्भात राहून हे उद्दिष्ट थोडं महत्त्वाकांक्षी आहे. मे महिन्यात कूलर एकच आणि त्याचं तोंड कोणाकडे, हा आमच्या घरातला वादाचा कायमचा मुद्दा. कॉम्प्युटरकडे ठेवावं, असं म्हणणारा घरात मी एकटाच.

मग आमचे दिवस फिरले. म्हणजे लोकांच्या मते पालटले.

२०१२ साली विंडोज ८ येऊ घातलं, तेव्हा स्टीम हे गेमचं मोठं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल उघडपणे म्हणाले, की पीसीवाल्यांवर हे संकटच आहे. उद्या मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान थाटून आपलं बंद पाडलं तर काय, ही त्यामागची धास्ती. दुसऱ्याच्या जागेत धंदा करणाऱ्याला ही काळजी कोणी शिकवावी लागत नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत स्टीम लिनक्सवर आलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी वाइनवर आणखी बरंच काम करून प्रोटॉन काढलं आणि ते स्टीममध्येच बसवून दिलं.

या सगळ्यात माझा जीव जडला तो फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरवर. त्याला 'निअर: ऑटोमाटा' हा जपानी गेम लिनक्सवर खेळायचा होता, तो नीट चालेना. दुसऱ्या कोणी गेमचा नाद सोडला असता किंवा विंडोज टाकलं असतं. या माणसाने गेमची डायरेक्टएक्समधली चित्रं काढायची आज्ञा लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये फिरवून देणारा अख्खा थर लिहून काढला. त्याचं नाव डीएक्सव्हीके. व्हॉल्व्हने त्याला कामावर घेतलं, तो थर प्रोटॉनमध्ये गेला आणि एका गेमपायी हजारो गेम चालू झाले. हा माणूस जातीने आमचा. बुटीबोरीत असता तर त्याच्यासाठी मॅनेजरने टॉर्च नव्हे, हॅलोजन धरला असता.

२०२२ साली व्हॉल्व्हने स्टीम डेक नावाचं हातात धरून खेळायचं यंत्र विकायला काढलं. त्याच्या पोटात लिनक्स. ते घेणाऱ्या लाखो लोकांना आत काय आहे याची पर्वा नव्हती आणि तशी वेळही आली नाही. बटण दाबलं, गेम सुरू. त्यासाठी केलेल्या दुरुस्त्या माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंतही पोचल्या, आणि माझं दुःख इथून सुरू होतं.

एका रविवारी मी 'राजी' घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला हा गेम. राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाच्या शोधात राक्षसांशी लढते. मी चहा करून घेतला, वही-पेन जवळ घेतलं, चष्मा पुसला आणि बटण दाबलं. गेम सुरू झाला. आवाज आला. सावली पडली. डोकं जागेवर होतं. मी सेटिंग उघडून उगाच दोन गोष्टी बदलल्या, तरी चालूच. चहा गरम होता आणि वही कोरी.

गेम चालू झाला की तो खेळावा लागतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात इतक्या वर्षांत आलीच नव्हती. पहिल्याच टोळीने मला लोळवलं. पुन्हा उठलो, पुन्हा लोळवलं. पूर्वी सगळा दोष वाइनचा असायचा, ड्रायव्हरचा असायचा, फार तर एखाद्या फाइलचा. आता मधलं कोणी उरलं नव्हतं. पोरगा मागून म्हणाला, "बाबा, तुम्हाला खेळता नाही येत का?" प्रोटॉनने लिनक्सवाल्यांचं काय नुकसान केलं, ते या एका वाक्यात आहे.

आता आमच्या वाट्याला उरतो तो शेडर तयार होण्याचा वेळ. काही गेम सुरू होण्याआधी स्टीम ग्राफिक्स कार्डासाठी बारीकसारीक प्रोग्रॅम आधीच बनवून ठेवतं आणि पडद्यावर टक्के सरकत राहतात. तेवढ्यात चौकात जाऊन तर्री पोहे खाऊन येता येतं. मी जाऊन येतो. ब्रेकडाउन नाही, तर निदान शटडाउन तरी.

कुणी म्हणेल, अँटी-चीट आहे ना! आहे. पुतण्याने त्याच्या आवडीचा एक ऑनलाइन गेम माझ्याकडे आणला. "काका, माझे सगळे मित्र खेळून राहिले, तुमच्याकडेच होत नाही." मी बाह्या सरसावल्या. असं बोलणं ऐकायला माझे कान आसुसले होते. पण पाहतो तर काय, मोडलेलं काहीच नव्हतं. गेम चालत होता. कंपनीला तो लिनक्सवर चालू द्यायचा नव्हता, एवढंच.

खेळताना कोणी लबाडी करू नये म्हणून हे पहारेकरी प्रोग्रॅम असतात. काही तर थेट सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसून लक्ष ठेवतात. लिनक्समध्ये कर्नल ज्याला हवा त्याने हवा तसा बदलून घ्यावा, ही मुळातली सोय. मग पहारेकऱ्याने विश्वास ठेवायचा कोणावर? ही त्यांची अडचण खरी आहे. रायट या गेम कंपनीचा पहारेकरी व्हॅनगार्ड लिनक्सवर येतच नाही. 'एपेक्स लेजंड्स' लिनक्सवर बरा चालायचा, तो ईए कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर बंद केला. त्यातही गंमत अशी, की इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ पासून प्रोटॉनसाठी वाट करून दिली आहे. गेमवाल्या कंपनीने फक्त तसं मान्य करायचं. आता खटका आहे, तो कुठे आहे हेही माहीत, पण किल्ली मॅनेजमेंटच्या केबिनमध्ये. हा ब्रेकडाउन नव्हे, हे धोरण झालं, आणि धोरणाला पाना लागत नाही.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती निघतात आणि सोबत बडगे असतात. महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत लोकांना ज्याचा राग असेल त्याचा पुतळा. मी पुतण्याला म्हटलं, यंदा आपण अँटी-चीटचा बडग्या करू. तो म्हणाला, "कोणालाच नाही समजणार, काका." मग मीच विचार केला, गर्दीत उभं राहून प्रत्येकाला कर्नल समजवत बसलो तर मिरवणूक पुढच्या पोळ्यापर्यंत चालेल.

तरी देव अगदीच निष्ठुर नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची साथ सोडली. विंडोज ११ ला कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि आमच्या कॉलनीतले निम्मे कॉम्प्युटर त्या अटीत बसत नाहीत. त्याच महिन्यात स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाले पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेले. लोक मला रस्त्यात थांबवून 'भाऊ' म्हणू लागले.

परवा एका शेजाऱ्यांकडे गेलो. पोराचा जुना कॉम्प्युटर, त्यावर गेम चालले पाहिजेत ही अट. मी लिनक्स टाकलं. वायफाय लागलं, आवाज आला, प्रिंटरसुद्धा सापडला. स्टीम उघडलं, पोराचा गेम पहिल्या झटक्यात सुरू. वहिनी आत चहा टाकत होत्या आणि इकडे सगळं आटोपलं होतं.

पण पंचवीस हजारांच्या मोटरचा बिघाड एका ढिल्या वायरमुळे होता, हे ज्या मेंटेनन्सवाल्याने साहेबांना लगेच सांगितलं, तो फार पुढे गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी शांतपणे टर्मिनल उघडलं आणि सगळे प्रोग्रॅम अपडेट करायला लावले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर जाऊ लागली. मी चष्मा नाकावर ओढला, हनुवटीला हात लावला आणि मधूनमधून 'हं' म्हणू लागलो.

शेजारी कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पडद्याकडे पाहून म्हणाले, "लय किचकट काम दिसते, भाऊ."

"हो ना," मी म्हटलं. "जरा टॉर्च आणता का?"