कर्णाचे वकील

प्रत्येक मराठी घराण्यात कर्णाचा एक वकील असतो. सनद नसते, काळा कोट नसतो, अशिलाला जाऊन काही हजार वर्षं लोटलेली असतात, तरी खटला चालूच. लग्नघरात पंगत उठल्यावर, मुंजीत भटजींची वाट बघताना, अगदी दहाव्याला घाटावर कावळा शिवेपर्यंतसुद्धा. आमच्याकडे हे काम माझे चुलते अण्णा बघतात.

कॉलेजच्या वयात ‘मृत्युंजय’ हाती पडलं आणि अण्णांना आयुष्यभराचा अन्याय सापडला. तो त्यांच्यावर झालेला नव्हता हा तपशील वेगळा. पुढे ‘राधेय’ आलं, शिरवाडकरांचं ‘कौंतेय’ वाचून झालं, दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी महाभारत लागायचं तेव्हा तर अण्णा अंघोळ करून, टोपी घालून, अशिलाच्या बाजूच्या खुर्चीत बसायचे. अर्जुन पडद्यावर आला की उठून पाणी प्यायला जायचे. त्या काळात त्यांनी भरपूर पाणी प्यायलं.

त्यांच्या युक्तिवादाची सुरुवात ठरलेली. ‘आधी प्रसंग लक्षात घे.’ शेवटही ठरलेला. ‘कवच असतं ना, तर!’ या दोन वाक्यांच्या मध्ये काहीही येऊ शकतं. भारत सामना हरला, कवच असतं तर. शेजाऱ्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, आधी प्रसंग लक्षात घे. कुणाला ऐन परीक्षेत आठवेनासं झालं की, ‘परशुरामाचा शाप, दुसरं काय!’ त्यांची स्कूटर एकदा पावसात खड्ड्यात रुतली, तेव्हा मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला याचा त्यांना राग आला नाही. उलट, चाक रुतलेल्या माणसावर मागून हल्ला होणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

कचेरीत त्यांच्या हाताखालच्या माणसाला आधी बढती मिळाली, त्या संध्याकाळी ते घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाले, ‘भीष्मांनी आम्हाला अर्धरथी ठरवलं.’ उद्योगपर्वात युद्धाच्या तोंडावर दुर्योधन भीष्मांकडून आपल्या योद्ध्यांची प्रतवारी करून घेतो. कोण रथी, कोण अतिरथी, हे सांगत सांगत भीष्म कर्णापाशी येतात आणि त्याला अर्ध्यावर आणून ठेवतात. कर्ण भडकतो. भीष्म आहेत तोवर शस्त्र धरणार नाही म्हणतो आणि अठरांपैकी पहिले दहा दिवस खरंच लढत नाही. अण्णांनी हे तंतोतंत पाळलं. साहेबांची बदली होईपर्यंत त्यांनी एकाही फायलीवर ‘अवलोकन केले’ यापलीकडे शेरा मारला नाही. नवे साहेब आले आणि अण्णा रणात उतरले, पण तोवर बढतीच्या जागा भरून गेल्या होत्या.

हिशेबात मात्र ते पक्के. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, हे ते दुधाच्या रतिबाचा हिशेब सांगावा तसं सांगतात. कौरवांच्या अकरा, पांडवांच्या सात. ‘आणि यांच्या स्वयंपाकाला किती माणसं?’ असं काकूंनी एकदा विचारलं. एरवी उत्तर नसलेला प्रश्न ते सहन करत नाहीत. त्या दिवशी गॅलरीत जाऊन उभे राहिले.

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यांच्याशिवाय हा खटला केव्हाच निकाली निघाला असता. काकू ‘युगांत’वाल्या. योगायोग असा की शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आणि इरावतीबाईंचं ‘युगांत’ ही दोन्ही पुस्तकं १९६७ सालची. बचावपक्ष आणि सरकारपक्ष एकाच वर्षी बाजारात आले आणि पुढे आमच्या अण्णा-काकूंच्या रूपानं बोहल्यावरही चढले.

अण्णांनी कवचकुंडलांचा प्रसंग रंगवायला घेतला की काकू भाजी निवडत ऐकून घेतात. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येतो. सूर्यानं स्वप्नात येऊन आधीच सावध केलेलं असतं. तरीही कर्ण जन्मापासून अंगाला चिकटलेलं कवच स्वतःच्या हातानं कापून देतो. अण्णांचा आवाज इथे हमखास भरून येतो. तेवढ्यात ताटातून आवाज येतो, ‘अहो, पण त्या बदल्यात शक्ती मागून घेतली ना त्यानं?’

घेतली होती. वनपर्वात तसंच आहे. सूर्यच सांगतो, द्यायचंच असेल तर इंद्राकडून अमोघ शक्ती माग, आणि कर्ण ती मागतो. एकदाच वापरता येणारी ती शक्ती चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर खर्च होते. यावर अण्णा भासाच्या ‘कर्णभार’ची साक्ष काढतात. तिथे कर्ण काहीच मागत नाही. इंद्रालाच पश्चात्ताप होतो आणि तो दूताहाती शक्ती पाठवून देतो. ‘साक्षीदार बदलायचा नाही,’ काकू म्हणतात, ‘व्यासांचं चाललंय ना, मग व्यासांचंच बोला.’

मग त्या हळूच पुढचा कागद काढतात. घोषयात्रेत गंधर्वांनी दुर्योधनाला पकडून नेलं, तेव्हा कर्ण विकर्णाच्या रथात चढून निघून गेला होता. द्रौपदीच्या स्वयंवरात तो ब्राह्मणवेषातल्या अर्जुनासमोरून मागे सरला होता. ‘आणि दोन्ही वेळा कवच अंगावर होतं हो.’

‘आधी प्रसंग लक्षात घे,’ अण्णा म्हणतात. पण आवाजात मघाचा जोर नसतो.

स्वयंवराचं नाव निघालं की अण्णांची आणखी एक जखम वाहायला लागते. सूतपुत्राला वरणार नाही, असं द्रौपदी भर सभेत म्हणाली, यावर त्यांच्या निम्म्या खटल्याचा डोलारा उभा. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेनं शेकडो हस्तलिखितं ताडून १९६६ साली पुरी केलेल्या चिकित्सक आवृत्तीनं नेमकं तेच मुख्य संहितेतून काढून तळटीपेत टाकलेलं. हे कळल्यापासून अण्णा त्या रस्त्यानं जाताना संस्थेच्या फाटकाकडे बघत नाहीत.

मला विचाराल तर चिकित्सक आवृत्तीतला कर्ण मला जास्त आवडतो. त्याला प्रत्येक चुकीसाठी एकेक शाप आणि एकेक अपमान पुरवायची गरज पडत नाही. हरतो, पळतो, भलतं बोलतो, आणि कृष्णानं सगळं राज्य देऊ केलं तरी हरणाऱ्या मित्राची बाजू सोडत नाही. हे मी अण्णांना सांगून पाहिलं. त्यांनी मला फितूर ठरवलं.

द्यूतसभेचा विषय मात्र काकू सहसा काढत नाहीत. एकदा भाचीनं काढला. द्रौपदीला सभेत काय काय बोललं गेलं आणि त्यात कर्णाचे शब्द कोणते होते, हे तिनं सगळं वाचलेलं होतं. अण्णा बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले. ‘तिथे चुकलंच त्याचं,’ म्हणाले. ना प्रसंग, ना कवच. काकूंनी लगेच चहा टाकला.

डिसेंबरात सकाळी फिरायला निघताना काकू त्यांना स्वेटर, मफलर, माकडटोपी असं सगळं चढवतात. अण्णा मुकाट्यानं हात वर करून उभे राहतात आणि दुर्योधनाची गोष्ट सांगतात. चौदाव्या दिवशी द्रोणांनी मंत्र म्हणत त्याच्या अंगावर अभेद्य कवच बांधलं. अर्जुनाचे बाण त्यावरून घसरायला लागले. मग अर्जुनानं उघडी जागा शोधली आणि त्याच्या तळहातांवर बाण मारले. दुसऱ्या दिवशी काकूंनी ट्रंकेतून हातमोजे काढले.

कर्णानं सूर्योपासनेच्या वेळी आलेल्या याचकाला कधी परत पाठवलं नाही, म्हणून अण्णाही अंघोळीनंतर सूर्याला पाणी देताना कुणाला नाही म्हणत नाहीत. हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. शिडी, छत्री, मिक्सर, जे मागायचं ते लोक साडेनऊच्या सुमारास येऊन मागतात. एकदा वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा त्याच मुहूर्तावर हेल्मेट मागायला आला. अण्णांनी पंचा नेसल्या नेसल्या दिलं. मग स्वतः बोडक्यानं स्कूटरवरून बँकेत निघाले आणि पहिल्याच चौकात पोलिसानं अडवलं. दंड भरून घरी आले ते ओसंडून वाहणाऱ्या अभिमानानं. ‘कवच दिलं,’ म्हणाले.

‘इंद्रानं बदल्यात शक्ती तरी दिली होती,’ काकू म्हणाल्या. ‘तुम्हाला काय मिळालं?’

अण्णांनी खिशातून पावती काढून टेबलावर ठेवली.

तुमच्याही घरात असा कुणी असेल तर वाद घालू नका. ते काम त्यांच्या बायकोवर सोपवा, तिची तयारी तुमच्यापेक्षा जास्त असते. काही हवं असेल तर अंघोळीनंतर जा, नक्की मिळेल. फक्त त्यांची ‘मृत्युंजय’ची प्रत मागू नका. ती त्यांनी आजवर कुणाला दिलेली नाही.