मोटार आणि मलिगन

धर्मादाय गोल्फ स्पर्धा कशी भरवावी, हे अमेरिकेकडून शिकावे. एका पार-३ होलवर नवीकोरी मोटार उभी करतात. पहिल्याच फटक्यात जो चेंडू छिद्रात घालील, त्याची ती. हौशी खेळाडूला हा योग साधारण १२,५०० फटक्यांत एकदा येतो म्हणतात. एवढा मोठा धोका पत्करायचा, म्हणून आयोजक आधी विमा उतरवतात. विमा कंपनी यार्डांत अंतर ठरवून देते आणि साक्षीदारही नेमायला लावते. औदार्यात इतका काटेकोरपणा आपल्या वर्गणीवाल्यांना कधी जमायचा?

शिवाय ‘मलिगन’ विकत मिळते. पैसे मोजा आणि चुकलेला फटका बिनबोभाट पुन्हा मारा. एरवी याला लबाडी म्हणतात. इथे तिची पावती फाडतात. (आमच्या गणिताच्या मास्तरांना हे सुचले असते, तर शाळेला केव्हाच पक्की इमारत मिळाली असती.)

आता पुढचे पाऊल टाकावे. ज्या रुग्णालयासाठी हा खटाटोप, त्याचा धनादेशही मोटारीतच ठेवावा. चेंडू छिद्रात गेला की रुग्णालयाला मदत. धनादेशाचाही विमा उतरवता येईल. संध्याकाळी मोटार शोरूममध्ये परत जाते. मागच्या सीटवर धनादेशाला भरपूर जागा आहे.