माझ्या वर्गात नसलेल्या विद्यार्थ्याच्या वडिलांस



आपले चिरंजीव माझ्या संख्याशास्त्राच्या वर्गात आहेत की नाहीत, हे मी आपल्याला सांगू शकत नाही. अमेरिकेत 1974 सालचा एक कायदा आहे, त्याला इथे सगळे 'फर्पा' म्हणतात. मूल हायस्कुलात आहे तोवर त्याच्या शाळेच्या नोंदींवर हक्क आईवडिलांचा. पण त्याच मुलानं कॉलेजात नाव घातलं, की कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क मुलाकडे जातो, मग ते पंधरा वर्षांचं का असेना. तेव्हा चिरंजीव माझ्या वर्गात नाहीत, असं धरून मी लिहिते आहे. आपणही मला चिरंजीवांच्या नावानं त्या ई-मेल पाठवलेल्या नाहीत, असं आपण दोघं धरून चालू.

त्या न पाठवलेल्या ई-मेलांची भाषा मला फार आवडली. कॅलिफोर्नियात वाढलेलं दहावीतलं पोर प्राध्यापिकेला 'हाय प्रोफेसर' लिहितं, पुष्कळदा तेवढंही लिहीत नाही. आपल्या चिरंजीवांची मेल मात्र 'रिस्पेक्टेड मॅडम'नं सुरू होते, 'काइंडली डू द नीडफुल'वर संपते आणि मंगळवारी सकाळी साडेदहाला येऊन पडते. त्या वेळी मुलगा हायस्कुलात केमिस्ट्रीच्या तासाला बसलेला असतो. गुणी आहे हो. दोन ठिकाणी एकाच वेळी असणं आम्हा पार्ट-टाइम शिकवणाऱ्यांनाही जमत नाही. सकाळी एक कॉलेज आणि संध्याकाळी चाळीस मैलांवरचं दुसरं, अशी आमची वरात चालते, म्हणून आम्हाला इथे 'फ्रीवे फ्लायर' असं नाव आहे.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना स्वतःच्या आयुष्यातली काही आकडेवारी घेऊन तिच्याबद्दल चार ओळी लिहायला सांगते. एका मुलीनं बोबा टीच्या दुकानात मिळालेल्या टिपांचे आकडे मांडले, एकानं आजीच्या ब्लडप्रेशरचे. आपल्या चिरंजीवांनी ऑफशोअर टीमच्या बग्जची महिनावार संख्या दिली आणि सुरुवात केली, 'माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवात...' वय वर्षं पंधरा.

मग आपली एक एक्सेल शीट आली, बहुधा दुसऱ्याच कुणाला पाठवायची होती. नववी ते बारावीच्या कोर्सचा आराखडा, उन्हाळ्यांसकट. हायस्कुलात वर्षभर चालणारा विषय कॉलेजात एका सत्रात उरकतो आणि उन्हाळ्यात तर सहा आठवड्यांत, हे आपण पिवळ्या रंगात नोंदवलं आहे. युनिटला 46 डॉलर ही कम्युनिटी कॉलेजची फी हायस्कूलच्या मुलांना माफ होते, ती वाचलेली रक्कम हिरव्या रंगात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया कॉलेजच्या कोर्सला जीपीएमध्ये जादा गुण देते, तो लाल रंगात. कोणत्या प्राध्यापकाकडे ए ग्रेड स्वस्त, त्याचा वेगळा रकाना. (माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. आभारी आहे.) नववीच्या पहिल्या सत्रात 'म्युझिक अप्रिसिएशन' घेतलेलं दिसलं. घरात कुणी गाणंबिणं ऐकतं का, हे विचारणार नाही. एवढंच सांगते, की ती युनिव्हर्सिटी जीपीए काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच विषय धरते, आणि जादा गुणही जास्तीत जास्त आठ सत्रांचेच देते. म्हणजे नववीत ऐकलेला तो बेथोवन जीपीएच्या दृष्टीनं वाया गेला. त्या शीटमध्ये एकच रकाना मला सापडला नाही: मुलाला यातलं काय शिकावंसं वाटतं.

इथवर मी हसत होते. परवाच्या ऑफिस अवरनंतर हसू गेलं.

माझं आडनाव पोर्तुगीज वळणाचं आहे. त्यामुळे मी मेक्सिकोची, फिलिपिन्सची नाहीतर फार तर गोव्याची असणार, असा आपला समज झाला असावा. मी वसईची. पहिली ते दहावी मराठी शाळेत शिकले. त्या ऑफिस अवरला झूमवर मुलगा होता आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आपण होतात. पेपरात त्यानं लिहिलं होतं, की पी-व्हॅल्यू म्हणजे नल हायपोथेसिस खरं असण्याची शक्यता. ही चूक चांगले शिकलेले लोकही आयुष्यभर करतात. मी त्याला विचारलं, 'आपण पी-व्हॅल्यू काढायला बसतो तेव्हा कशाला खरं धरून चालतो?' तो थांबला. मग हळूहळू म्हणाला, 'नल खरंच आहे असं धरूनच तर आपण सुरुवात करतो... मग ते खरं असण्याची शक्यता त्यातून कशी...'

शिकवणाऱ्या माणसाला सत्रभरात असे क्षण फार थोडे मिळतात. मुलगा स्वतःच्या पायांनी चालत त्या चुकीच्या मुळाशी पोचत होता, आणखी अर्धं वाक्य बाकी होतं. तेवढ्यात बाजूनं आवाज आला: 'अरे, ते राहू दे. अर्धा मार्क वाढवून मिळेल का, ते विचार आधी. हिला कुठं कळतंय आपण काय बोलतोय ते.'

मला कळत होतं, साहेब, शब्दन् शब्द. मुलाचे कान लाल झाले. त्यानं इंग्रजीत विचारलं, 'कॅन आय गेट हाफ अ पॉइंट?' ते बाकीचं अर्धं वाक्य मात्र त्याच्या तोंडून आलं नाही. मी अर्धा मार्क दिला नाही. तो त्याच्या हातात येतच होता, आपण हिसकावून घेतलात.

मला संताप याचा आहे. मेल तुम्ही लिहा, एक्सेल तुम्ही रंगवा, म्युझिक तुम्ही अप्रिशिएट करा. पण पोराला एखादी गोष्ट कळत असताना मध्ये तोंड घालायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? फर्पानं नाही, कॉलेजनं नाही, मी तर नाहीच नाही.

आणि हा फुकटचा कोर्स कुणाच्या पानातला आहे, तेही ऐका. हायस्कूल आणि कम्युनिटी कॉलेजांनी करार करून मुलांना फुकट कोर्स द्यावेत, यासाठी कॅलिफोर्नियानं 2015 साली कायदा केला. तो कुणासाठी, ते त्यातच लिहिलं आहे: जी मुलं एरवी कॉलेजच्या वाटेला जाणार नाहीत आणि ज्या समाजांतली मुलं उच्च शिक्षणात कमी दिसतात, त्यांच्यासाठी. ज्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, तिथल्या मुलीला कॉलेज म्हणजे काय याची चव सतराव्या वर्षी फुकट मिळावी, ही कल्पना. अशी मुलं माझ्या वर्गात येतात. शाळेच्या काउन्सेलरची सही कुठे घ्यायची हे त्यांना सांगणारं कुणी नसतं आणि गृहपाठाच्या पोर्टलचा कोड विकत घ्यायचा म्हटलं, की घरात वाद होतो. दुसऱ्या आठवड्यात त्यांतली एखादी दिसेनाशी होते. तिच्या नावानं मंगळवारी साडेदहाला कुणाचीही मेल येत नाही. आपण कायदा मोडला, असं मी म्हणत नाही. दार उघडं होतं, आपण आत आलात. पण खुर्चीत आपण बसलात आणि मुलाला शेजारी उभं केलंत.

कुणी आपल्याला सांगितलं नसेल, म्हणून एक हिशेबाची गोष्टही सांगते. पंधराव्या वर्षी मिळालेली कॉलेजची ग्रेड हायस्कुलाबरोबर संपत नाही. ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायम राहते. उद्या चिरंजीवांनी मेडिकलला अर्ज करायचं ठरवलं, तर बहुतेक मेडिकल कॉलेजं ज्या एका सामायिक अर्जातून प्रवेश देतात, त्यात हायस्कुलात असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही दाखवावे लागतात आणि त्यांच्या ग्रेड जीपीएत धरल्या जातात. कोर्सची फी तेवढी माफ आहे. आणि आपली महागडी स्वप्नं जिथली आहेत, त्या पूर्वेकडच्या खासगी विद्यापीठांतली कित्येक तर हायस्कुलात असताना केलेल्या अशा कोर्सचं क्रेडिट देतच नाहीत.

एवढं लिहून झाल्यावर मी थांबले, कारण त्या शीटच्या कोपऱ्यात आपण स्वतःपुरतं एक टिपण ठेवलं आहे: 'फ्री सीट.' इथे ह्या योजनेला तसं कुणीच म्हणत नाही. ते आपल्या महाराष्ट्रातलं, नव्वदीतलं. 1993 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांत अर्ध्या जागा फ्री सीट आणि अर्ध्या पेमेंट सीट झाल्या. 2002 साली दुसऱ्या निकालानं ती पद्धत गेली, पण मधल्या वर्षांत बारावीच्या ग्रुपच्या मार्कांवर घरांचं भवितव्य टांगलेलं असायचं. एका मार्कानं फ्री सीट हुकली की पेमेंट सीट. आणि पेमेंट सीट म्हणजे कुणाच्या घरचे दागिने, कुणाची जमीन, कुणाच्या बापाचा प्रॉव्हिडंट फंड. माझ्या मावसभावाची सीट तशीच गेली होती. त्या अर्ध्या मार्काचा मोह मला परका नाही. आपल्या अंगात अजून तो बारावीचा निकाल भिनलेला आहे. लातूर पॅटर्नच्या वर्गात असो की पुण्याच्या क्लासमध्ये, मार्क सुटला तर आयुष्य सुटलं, असं आपल्याला ज्यांनी सांगितलं, त्यांनी त्या काळापुरतं खरंच सांगितलं होतं. म्हणून तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूला बसून कुजबुजत होतात. मला तुमच्यावर राग आहे आणि तुमची कणवही येते, दोन्ही एकदम, आणि त्याचा मला वैताग आला आहे.

पण आपला मुलगा त्या बारावीच्या निकालाच्या यादीत नाही. त्याचा अर्धा मार्क गेला म्हणून कुणी जमीन विकणार नाही. आणि पी-व्हॅल्यू त्याला येते, शपथेवर सांगते.

(म्हणजे, तो माझ्या वर्गात असता, तर आली असती.)

तेव्हा विनंती विशेष. पोर्टलचा पासवर्ड त्याला बदलू द्या आणि नवा विचारू नका. पुढच्या ऑफिस अवरला दार लावून त्याला एकट्याला बसू द्या. कोर्स खरंच झेपत नसेल, तर ड्रॉप करायची मुदत अजून संपलेली नाही. ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' लागेल, तो जीपीएत मोजत नाहीत. ड्रॉप करायचं की नाही, ते त्यानं ठरवायचं आहे. आणि आपल्याला संख्याशास्त्र खरोखरच आवडत असेल, तर पुढच्या सत्रात माझा संध्याकाळचा वर्ग आहे. प्रौढांनाही प्रवेश मिळतो. युनिटला 46 डॉलर, आपल्याला माफी नाही.

आपली,
चिरंजीवांची प्राध्यापिका नसलेली