बाटलीचा लातूर पॅटर्न

लातूर पॅटर्न म्हटलं की उभ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढं राजर्षी शाहू महाविद्यालय, सराव परीक्षा आणि डॉक्टर व्हायला निघालेली पोरं येतात. पॅटर्नचं मर्म एवढंच, की एकच प्रश्न इतक्यांदा सोडवायचा की शेवटी प्रश्नालाच कंटाळा यावा. हा पॅटर्न आता बालवाडीपर्यंत झिरपला आहे. तिथं परीक्षेला बसते ती मात्र पाण्याची बाटली, आणि रात्र रात्र जागून अभ्यास करतात ते आई-बाप.

जून तोंडावर आला की नांदेडचं वजिराबाद आणि लातूरची गंजगोलाई या दोन केंद्रांवर ही परीक्षा होते. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळं एका रस्त्यावर बाटली नापास झाली की पुढच्या रस्त्यावर फेरपरीक्षा. वजिराबादेत तशी चैन नाही. तिथं निकाल जागेवरच लागतो.

"ताई, हे घ्या. तीनशे चार."

"तीनशे चार? कोपऱ्यावर तर दोनशे ऐंशीला देत होते."

"ताई, ती किंमत नाही. स्टील आहे तीनशे चार. किंमत साडेआठशे."

इथं बाप पुढं सरसावतो. 304 म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम नि 8 टक्के निकेल, म्हणून ते सहसा गंजत नाही, हे त्यानं मोबाईलवर वाचलेलं असतं. तो खिशातून घरच्या फ्रिजवरचं बालाजीचं चुंबक काढतो (देव बरोबर घेऊन खरेदीला निघण्याची दूरदृष्टी बापांकडंच असते) आणि बाटलीला लावतो. चुंबक घसरून खाली पडतं. "बघ, अस्सल!" बायको कौतुकानं बघते. दुकानदारही बघतो, पण वेगळ्या नजरेनं. निकेलात काटकसर करून मँगनीज घातलेलं स्वस्त 202 स्टीलही चुंबकाला भीक घालत नाही, हे त्याला ठाऊक असतं. चुंबकाऐवजी डोळे लावले असते तर बरं झालं असतं. पिण्याच्या पाण्याच्या धातूच्या बाटल्यांना आयएसआय खूण सक्तीची करणारा आदेश केंद्र सरकारनं 2023 सालीच काढला आहे. पण नुसती खूण बघून बाटली घेतली तर रात्रभर केलेल्या अभ्यासाचं काय करायचं?

तांब्याच्या बाटलीची बाजू घरातले आजोबा लढवतात. नातू तीत लिंबू सरबत भरून मागतो, आणि आंबट काही तांब्यात ठेवायचं नसतं हेही आजोबांनाच सांगावं लागतं. तांबं बाद.

उरलं प्लॅस्टिक. त्याचे जाणकार बाटली हातात घेतली की आधी उलटी करतात. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. 5 असला तर पॉलिप्रॉपिलीन, चालेल. 7 असला तर 'इतर सगळं', आणि त्यात पॉलिकार्बोनेट निघू शकतं, म्हणजे बीपीए या रसायनाची भीती. आमच्या शेजारच्या वहिनींनी तर बीपीए या तीन अक्षरांची इतकी धास्ती घेतली आहे की बीपीएड झालेले खेळाचे सर घरी आले तेव्हा त्यांना पाणी द्यावं की नाही, या विचारात त्या पडल्या होत्या. काळजी खोटी नाही. बाळाच्या दुधाच्या बाटलीत बीपीए नको, असं आपल्याकडच्या मानकांनीही ठरवलेलंच आहे. पण निवडून पाखडून आणलेली ही पाच नंबरी बाटली वहिनी रोज सकाळी भरतात ती कशातून? तर ऑटोतून येणाऱ्या वीस लिटरच्या निळ्या जारातून. तो जार मे महिन्याच्या उन्हात, पारा बेचाळीसच्या पुढं असताना, टपावर तापत आलेला असतो. त्याला आजवर कुणी उलटा केलेला नाही. केला तर पुष्कळदा साताचाच आकडा दिसेल. पण भरलेला जार उलटा कोण करणार? कंबर धरते.

या सगळ्या परीक्षकांत कागदावर नापास पण विषयात पास अशी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे आजी. साडेआठशेची बाटली घरी आली, लेकराच्या गळ्यात घालून फोटो काढून झाले, की आजी ती हातात घेते आणि पंजा आत घालून बघते. पंजा जात नाही.

"आगं, हात जातोय का आत? न्हाई ना? मग घासायची कशानं, जिभेनं?"

मग ती गेल्या वर्षीच्या बाटलीचं झाकण उघडते, डोक्यातला आकडा काढते आणि झाकणातलं रबरी कडं उचकटून बाहेर ओढते. कड्याखाली काळीभोर बुरशी, वर्षभर जपलेली. नळीच्या आतही तेच. स्ट्रॉच्या टोकाला दाताचे बारीक ठसे. बाटली बाहेरून चकाचक, त्यावरचा छोटा भीम अजून हसतोय. आजीच्या मते बाटली मरते ती झाकणानं. पोरं बाटली फोडत नाहीत, झाकण हरवतात. आणि सुटं झाकण मिळत नसेल तर ते टिकाऊ स्टील पुढं देव्हाऱ्याशेजारी तेलवाती ठेवायच्या कामाला येतं. तोंड रुंद, भाग कमी, कडं निघणारं, झाकण वेगळं मिळणारं, आकारानं लहान: एवढं बघितलं की झालं. पण आजीचा व्हिडिओ नाही, त्यामुळं तिचं मत ग्राह्य धरलं जात नाही.

आकार लहान का, याचं गणित पहिलीतल्या लेकरालाही सुटेल. 2020 च्या शालेय दप्तर धोरणाप्रमाणं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं. पहिलीतलं लेकरू धरा 20 किलोचं. हद्द झाली 2 किलो. त्यात पाऊण लिटर पाणी आणि दुहेरी भिंतीचं स्टील मिळून किलोच्या वर गेलं. उरलेल्या किलोभरात डबा बसवायचा आणि जमलं तर शिक्षण.

त्याच धोरणात आणखी एक मजेशीर गोष्ट लिहून ठेवली आहे. शाळेनं पिण्याचं पाणी पुरवावं, म्हणजे मुलांना घरून बाटली आणावी लागणार नाही! शिक्षण हक्क कायदा तर 2009 चा. त्याच्या परिशिष्टातही शाळेत पिण्याच्या सुरक्षित पाण्याची सोय हवी असं आहे. म्हणजे कागदावर बघितलं तर वजिराबादेतली ती सगळी गर्दी कायद्याच्या विरोधातच जमलेली असते.

आमच्या ओळखीच्या एका शाळेत पाण्याची टाकी आहे. टाकीवर दात्याचं नाव आहे, उद्घाटनाची तारीख आहे, फीत कापतानाचा फोटो कार्यालयात आहे. तोटी तेवढी नाही. दर जूनला शाळेचं पत्रक येतं: पाल्यासोबत पाण्याची बाटली देणे अनिवार्य, बाटलीवर नाव लिहावे, हरवल्यास शाळा जबाबदार नाही.

टिकाऊ बाटलीचं कौतुक लातूरकरांना तरी कुणी सांगू नये. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरणानं तळ गाठला होता, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे आली. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे 50 हजार लिटर. पुढं वाघिणी पन्नास झाल्या. पुन्हा पुन्हा भरता येणारी एवढी मोठी बाटली लातूरनं त्याआधी पाहिली नव्हती. ती कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुऊन आणली होती, म्हणजे आजीची अट तिथं पाळली गेली. बुडाशी कुठला आकडा आहे हे कुणी वाकून बघितलं नाही. टँकरच्या नळीखाली कळशी, बादली, तेलाचा डबा, जे हाताला लागलं ते लावलं. तेव्हा घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली पोरं आज लातुरातच नीटच्या क्लासला बसली असतील, बाकावर बर्फासारखं पाणी ठेवणारा थर्मास घेऊन.

परवा पहिली 'ब'च्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बापानं भीत भीत विचारलं, "शाळेच्या टाकीला तोट्या बसवायच्या का? एका बाटलीच्या पैशात चार-पाच तोट्या येतील. मी प्लंबर बघतो." सगळ्यांनी वाचलं. एकानं हात जोडले. मग एका आईनं विचारलं, "बाटलीला चेनचं कव्हर कुठं मिळेल? गुलाबी." पाच मिनिटांत दुकानांचे पत्ते, फोटो, भाव, घासाघीस किती होते याची माहिती, सगळं येऊन पडलं. सर्वांत स्वस्त दुकानाचा पत्ता तोटीवाल्या बापानंच टाकला होता.